कुल तीस, हाजिर तीस

सोनटक्के उस्ताद रिकाम्या बसमधूनही उभ्यानं येत. रविवारी सकाळी चाकणकडून मोशीकडे येणारी पहिली बस. तीत ड्रायव्हर, कंडक्टर आणि रात्रपाळी करून काचेला डोकं टेकवून झोपलेली चार पोरं. बाकी सगळी बाकं मोकळी. आणि मधोमध, वरची दांडी धरून, उस्ताद. बसलं की पँटची इस्त्री मोडते, एवढंच कारण. “बसा की राव, तिकीट तेवढंच आहे,” असं कंडक्टरनं एकदा म्हणून पाहिलं. “घरून उभ्यानं निघालाव, उभ्यानंच पोचणार,” उस्ताद म्हणाले. कॉलेजच्या फाटकाशी ते उतरत तेव्हा त्यांच्या पँटची घडी अशी असे की तिच्यावर कांदा चिरावा.

आमच्या कॉलेजात कॅडेटांची एक तुकडी होती आणि सोनटक्के तिला कवायत शिकवत. सैन्यात शिकवणाऱ्या हवालदाराला ‘उस्ताद’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणत असू. मूळचे लातूरकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे. मिशी मात्र एखाद्या थोराड माणसाची उसनी आणल्यासारखी. मी तुकडीत का गेलो, तर घरी मी देशसेवा वगैरे सांगितलं होतं. खरं म्हणजे परेडनंतर समोसे मिळत आणि टोपी घातली की माझं कपाळ कमी दिसे.

उस्तादांच्या वरच्या खिशात सुई असे, खाकी दोरा आधीच ओवलेली. कुणाचं बटण लोंबताना दिसलं की ते त्याला रांगेतून बाहेर काढत आणि शर्ट अंगावर असतानाच बटण शिवत. सुई छातीपासून दोन बोटांवर, आणि तोंडानं आशीर्वाद चालू: “आईनं जेवू घातलं, बापानं फी भरली, आन् बटण? बटण सरकार येऊन लावणार हाय काय, लेकरा?” शिवी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. त्यांचा माल स्वतःचा होता. हात ढिले सोडणाऱ्याला, “हात हायत का वाळत घातलेली धुणी?” पोक काढून उभं राहणाऱ्याला, “पावण्यावानी उभा राहू नको. पावण्याला परत जायचं असतंय.” मला ते ‘वकीलसाहेब’ म्हणत. चूक सापडली की मी आधी खुलासा करत असे आणि मग चूक दुरुस्त करत असे. बहुधा दुरुस्त करायचं राहूनच जाई.

दुसऱ्या वर्षी त्यांनी मला तुकडीचा सीनियर केलं. माझा आवाज मोठा होता, याखेरीज मला काही कारण दिसत नाही. त्याच महिन्यात त्यांनी आम्हाला तळेगावच्या बाजूच्या एका डोंगरावर चढवलं. मी सीनियर म्हणून सगळ्यांत पुढे सुटलो, माथ्यावर जाऊन एक हात कमरेवर ठेवून स्वतःचा फोटोही काढला. पाऊण तासानं उस्ताद आले. एका खांद्यावर स्वतःची पिशवी, दुसऱ्यावर आमच्यातल्या सगळ्यांत जाड्या मुलाची, आणि मागोमाग तो मुलगा, तोंड टोमॅटोसारखं.

“पहिला पोहोचलो, उस्ताद!” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“पोचलास, ते दिसायलंय. कुणाला घेऊन?”

मी खुलासा केला की वाटेची पाहणी करायला कुणीतरी पुढे जायला हवंच होतं. त्यांनी तो पुरा ऐकून घेतला आणि उतरताना मला सगळ्यांत मागे, त्या जाड्या मुलाच्या जोडीला चालवलं. वाटेत मी त्याला इतकं बोललो की पुढच्या रविवारी त्यानं तुकडीच सोडली. माझ्या नेतृत्वाचं हे पहिलं फळ.

उस्तादांचा खरा जीव गिनतीत होता. परेडच्या सुरुवातीला सीनियरनं माणसं मोजायची आणि ठणठणीत आवाजात रिपोर्ट द्यायचा: कुल इतके, हाजिर इतके. त्यांचा नियम चार शब्दांचा होता. “आधी गिन, मग बोल.” मी आवाजानं गिनती भागवायला बघे. ते म्हणत, “वकीलसाहेब, पुन्हा.” मी पुन्हा मोजे. मोजल्यावर ते स्वतः मोजत. शिवाय एका कागदावर आपल्या ठाशीव अक्षरात ते आदल्या दिवशीच लिहून ठेवत, कोण येणार, कोण रजेवर, कोण आजारी, आणि तो कागद चार घड्या घालून खिशात. तोंडी रिपोर्ट झाला की निरीक्षणाला आलेल्या साहेबाच्या हातात लेखी.

एवढं काय आहे त्या मोजण्यात, असं मी एकदा विचारलं. ते बुटाला पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, “बर्फात गस्तीवर गेलताव. परत आलाव, गिनती बरोबर भरली, जेवलाव, झोपलाव. मोजणाऱ्यानं सोताला दोनदा मोजलं होतं.”

“मग?”

“मग काय. सकाळी सापडला.”

त्यांनी डबी बंद केली. तो मोजणारा कोण होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आठवड्याचे बाकीचे दिवस ते चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत असत. आकाशी रंगाचा नायलॉनचा युनिफॉर्म, खांद्यावर एजन्सीचा बिल्ला. त्या कापडावर इस्त्री टिकत नसे. “ह्या कापडाला इमान न्हाई,” ते म्हणत, आणि तरीही रोज करत. एकदा मी आणि नितीन, माझा वर्गमित्र आणि तुकडीतलाच, गाडीवरून त्या बाजूला गेलो होतो. आमच्याच वयाचा एक इंजिनियर गाडीची काच अर्धी खाली करून ओरडत होता, “ए सिक्युरिटी! झोपला का रे? दांडा वर कर ना!” उस्तादांनी गेटचा आडवा दांडा वर केला आणि त्या पोराला असा सॅल्यूट ठोकला की त्या पोराच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाला नसेल. आम्ही हात केला. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रविवारी म्हणाले, “तिथं मला वळखायचं न्हाई. तिथं मी उस्ताद न्हाई.”

म्हणजे आठवड्यातून तीन तास. तेवढ्या तीन तासांत हा माणूस कुणीतरी होता. बाकी सगळा वेळ ‘ए सिक्युरिटी’. हे मला त्या दिवशी कळलं होतं. नव्हतं कळलं, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

आमच्या शेवटच्या वर्षी कॉलेजनं दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर घ्यायचं ठरवलं. शनिवार-रविवार, कुरुळीच्या अलीकडे एका मंगल कार्यालयात. तुकडीचा कारभार कदम सरांकडे होता. एरवी ते आम्हाला कॉस्टिंग शिकवत आणि वर्षातून दोनदा पोटावर पट्टा आवळत. आदल्या दिवशी त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून दार लोटलं.

“हे बघ, रविवारी कर्नलसाहेब निरीक्षणाला येतायत. सोनटक्क्यांना आपण वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवतो, माहितीये ना? साहेबांचं म्हणणं, आता तरुण माणूस घ्या. मी शब्द टाकलाय. रविवारची परेड चोख झाली तर राहतील. नाही झाली तर माझ्या हातात काही नाही. त्यांना बोलू नकोस.”

मी छाती फुगवली. “सर, परेड माझ्यावर सोडा.”

सरांनी सोडली. माणसं इतकी बेसावध का असतात, मला कळत नाही.

शनिवारी दिवसभर पुण्याहून आलेला एक ट्रेनर होता. कॉलरला छोटा माइक, पायात टोकदार बूट, पडद्यावर लांडग्यांच्या कळपाचं चित्र. त्यानं आमचे पाच गट केले आणि वर्तमानपत्रांचे मनोरे बांधायला लावले. ज्याचा मनोरा उंच तो लीडर. माझ्या गटाचा मनोरा सगळ्यांत उंच झाला, कारण मी शेजारच्या गटाचे कागद पळवले होते. ट्रेनर म्हणाला, “वा! याला म्हणतात रिसोर्सफुलनेस!” मी त्या माणसावर फिदा झालो. उस्ताद दिवसभर मागच्या भिंतीशी, हात मागे बांधून उभे होते. शेवटी ट्रेनरनं त्यांना विचारलं, “सर, आपण काय शिकलात?” उस्ताद पुढे आले, जमिनीवरचा एक मनोरा उलगडून त्यांनी हातानं सपाट केला आणि म्हणाले, “आजचा पेपर हाय. कुणी वाचलेला न्हाई.” सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

संध्याकाळी चहाच्या वेळी नितीन माझ्याकडे आला. तो परभणीकडचा; कुरुळीत भावाबरोबर राही, कॉलेज करून एका छोट्या कंपनीत हंगामी लागला होता. त्याच्या नोकरीचा काही भरवसा नसे.

“भावा, उद्या सकाळी मी नाहीये. फर्स्ट शिफ्ट लावलीय सुपरवायझरनं. नाही गेलो तर सोमवारपासून येऊच नको म्हणलाय. तेवढं बघून घे. मी उस्तादांना...”

“उस्तादांना?” मी त्याच्या पाठीवर थाप मारली. “अरे, उस्तादांना कळणारसुद्धा नाही. जा तू बिनधास्त. सीनियर कशाला केलंय मला?”

“नाही, पण मी म्हणत होतो...”

“जा रे!”

तो गेला. मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण माझ्या डोक्यात एव्हाना योजना शिजली होती, आणि माझ्या डोक्यात काही शिजायला लागलं की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. पूर्ण हजेरीला शिबिरात वेगळे गुण होते. उत्कृष्ट नेतृत्वाची ढाल त्या गुणांवर ठरायची होती. शिवाय, मी स्वतःला पटवलं, एकजण गैरहजर दिसला तर उस्तादांचंच नुकसान. म्हणजे मी जे करणार होतो ते त्यांच्यासाठीच.

मंगल कार्यालयात बाळू नावाचा एक साउंडवाला होता. कुरुळीचाच, बावीस-तेवीसचा, गालावर कल्ले, तोंडात कायम काहीतरी. नितीननं मागे ठेवलेल्या बॅगेत त्याचे बूट आणि जादा युनिफॉर्म होता. तो मी बाळूला चढवला.

“म्या कशाला? मला ते डावं-उजवं येत न्हाई,” बाळू म्हणाला.

“काही करायचं नाही. मधल्या ओळीत उभं राहायचं. दहा मिनिटं. नंतर दोन प्लेट पोहे.”

“आन् कुनी इचारलं तर?”

“कोण विचारतंय?”

“व्हय, पर बूट? ह्ये माज्या पायात जात न्हाईत.”

त्याचे स्वतःचे बूट पांढरे होते आणि लेस लाल. मी म्हणालो, मधल्या ओळीत कोण बूट बघतंय? पहिली चूक मी माणूस न मोजता केली होती, दुसरी त्याचे पाय न बघता.

रविवारी उस्ताद कर्नलसाहेबांना आणायला फाटकाशी गेले आणि परेड मी उभी केली. तीन ओळी, दहा-दहा. लांबून बघितली तर काय देखणी! साहेब आले, उंच, पांढऱ्या भुवयांचे. त्यांच्या एका पावलामागे उस्ताद, अंगावर जुना खाकी, घडी कांदा चिरण्याजोगी. मी तीन पावलं पुढे गेलो, सॅल्यूट केला आणि कुरुळीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो: “श्रीमान! कुल कॅडेट तीस! हाजिर तीस! परेड आपके निरीक्षण के लिए हाजिर है!”

उस्तादांचा हात वरच्या खिशाकडे निघाला होता. तो अर्ध्यावर थांबला. मग परत खाली आला. मी ते पाहिलं आणि मला त्याचा काही अर्थ लागला नाही. मला वाटलं, माझ्या आवाजानं थक्क झाले.

साहेब पहिली ओळ बघून मधल्या ओळीत शिरले. चौथ्या माणसापाशी थांबले. खाली पाहिलं. वर पाहिलं.

“नाम?”

“बाळू.”

“पूरा नाम?”

“समदी बाळू साउंडवालाच म्हनत्यात, सायेब.”

“कौन से साल में हो?”

“साल न्हाई सायेब, आमचा शीजन आसतो. लग्नसराईचा.”

मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या भुवया हलल्या नाहीत.

“किसने खड़ा किया तुमको?”

बाळूनं तोंडातला ऐवज गालात सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. त्याचं तोंड उघडायच्या आणि शब्द बाहेर पडायच्या मधे उस्तादांचा बूट जमिनीवर आपटला.

“मैंने, साब.”

“तुमने? सोनटक्के, हाजिरी बढ़ाने के लिए?”

“जी साब.”

“लिखित रिपोर्ट कहाँ है?”

“नहीं बनाई, साब.”

“नहीं बनाई? इतनी सर्विस के बाद?”

“गलती हुई, साब.”

मी सावधानमध्ये उभा होतो. सावधानमध्ये बोलायचं नसतं. हा नियम मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा काटेकोर पाळला. नजर समोरच्या नारळाच्या झाडावर, अंगठे शिवणीला. उस्तादांनी शिकवलं होतं अगदी तसं. माझं सावधान त्या दिवशीइतकं चांगलं पुन्हा कधी झालं नाही.

साहेबांनी निरीक्षण तिथंच थांबवलं. कदम सर पट्टा सावरत त्यांच्या मागे धावले. बाळूनं दोन प्लेट पोहे खाल्ले आणि दुपारी समारोपाचा माइक त्यानंच लावला.

समारोपाला साहेब थांबले नव्हते. कदम सरांना मी विचारलं, सर, ढालीचं काय करायचं? म्हणजे बघा, मी हेच विचारलं. सर वैतागून म्हणाले, “कालच्या गुणांवर नावं छापून आलीयेत प्रमाणपत्रावर. आता काय खोडू? घे आणि जा.” मी व्यासपीठावर गेलो. ‘उत्कृष्ट नेतृत्व’. टाळ्या पडल्या. उस्ताद मागच्या भिंतीशी उभे होते. तेही वाजवत होते. एकसारख्या, मोजून-मापून, सगळ्यांबरोबर सुरू, सगळ्यांबरोबर बंद.

संध्याकाळी सगळे पांगले. उस्ताद कार्यालयाच्या पायरीवर बसले होते. होय, बसले होते. गुडघ्यावरची घडी मोडून. मी ढाल पिशवीत, पिशवी पाठीवर, असा समोरून गेलो.

“येतो, उस्ताद.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं नाही, थांबून पाहिलं, जसं एखाद्याचं बोलणं अजून पुरं व्हायचंय.

“ये,” ते म्हणाले.

सोमवारी कॉलेजच्या वाटेवर नितीन भेटला. त्याला मी सगळा प्रकार रंगवून सांगितला. बाळूची उत्तरं तर नक्कल करून. तो हसला नाही.

“अरे पण का?” तो म्हणाला. “मला रजा दिली होती उस्तादांनी. शनिवारी दुपारीच. माझ्यासमोर कागदावर लिहिलं: हाजिर एकोणतीस, रजेवर एक. म्हणाले, सीनियरला सांगून जा. तेच तर तुला सांगत होतो ना!”

म्हणजे मी नुसतं ‘हाजिर एकोणतीस’ म्हणालो असतो तर काही म्हणजे काही झालं नसतं. आणि कागद खिशात होता. चार घड्या घातलेला. तो त्यांनी काढून साहेबांच्या हातात ठेवला असता तर ते सुटले असते आणि मी गेलो असतो.

पुढच्या रविवारी परेडला एक तरुण, गोरागोमटा माणूस आला. त्याला मोबाइलवर हजेरी घ्यायची सवय होती.

मी दोन आठवडे लावले. मग चाकणला गेटवर गेलो. ओळखायचं नाही हा नियम मोडून समोर उभा राहिलो. आकाशी युनिफॉर्म, हातात रजिस्टर. त्यांनी ट्रक आत सोडला आणि मग माझ्याकडे वळले.

“काय काम हाय?”

“उस्ताद, मी कदम सरांना सांगतो खरं काय ते. कर्नलसाहेबांनाही...”

“आता?”

त्यांनी ट्रकचा नंबर रजिस्टरमध्ये टिपून घेतला.

“आता त्यांनी माणूस घेतलाय. त्याला दोन लेकरं हायत, इचारलं मी. त्याला काढायला लावतूस काय?”

“तुम्ही माझ्यासाठी का केलंत, उस्ताद?” माझा आवाज भरून आला होता. खोटं कशाला सांगू, तो भरून आलेला मला आवडलाही होता.

“तुज्यासाठी?” ते एकदम कडू हसले. तसं हसू मी त्यांच्या मिशीखाली कधी पाहिलं नव्हतं. “तुज्यासाठी काय म्हणून करीन, वकीलसाहेब? परेड उभी हाय, सीनियरनं रिपोर्ट दिलाय. त्या अठ्ठावीस लेकरांसमोर त्यांच्या सीनियरला खोटा पाडायचा? मग उद्या ती कुणाच्या शब्दावर पाय उचलतील? परेड मोडली की मग सांगायचं असतंय. ते तू सांगायचं असतंय. मी पायरीवर बसलताव न्हाई का? तू येणार म्हणूनच बसलताव. सांगितलं असतंस तर कागद घेऊन दोघं मिळून गेलो असतो सायबाकडं. तू आलास. आन् काय म्हणलास?”

मी काय म्हणालो होतो ते मला आठवत होतं.

“पुना येऊ नको इथं,” ते म्हणाले. “तू दिसलास की मला रविवार आठवायलाय.” मागे हॉर्न वाजला. ते दांड्याकडे गेले.

त्यांनी माफ केलं, आशीर्वाद दिला, असं काही झालं नाही. असल्या आठवणीत ते होतं म्हणतात. आमच्यात नाही झालं.

याला आता दहा वर्षं झाली. मी पुनावळ्यात फ्लॅट घेतला आहे आणि पोटासाठी कंपन्यांतून नेतृत्वाची शिबिरं घेतो. हसू नका. कॉलरला माइक, टोकदार बूट, पडद्यावर लांडग्यांऐवजी हत्ती, एवढाच फरक. माझ्या सेशनमधली सगळ्यांत चालणारी गोष्ट उस्तादांची आहे. लोक तिथं डोळे पुसतात. फक्त माझ्या गोष्टीत, उस्ताद ‘मैंने, साब’ म्हणतात त्या क्षणी सीनियर पुढे येतो आणि म्हणतो, ‘नहीं साब, मैंने!’ खरी गोष्ट मी पहिल्यांदा एकदा सांगून पाहिली होती. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही आणि त्या कंपनीनं मला पुन्हा बोलावलं नाही. मग मी शेवट सुधारला. सुधारून सुधारून आता तो मला जवळजवळ आठवतोसुद्धा.

मागच्या पावसाळ्यानंतर चाकणच्या एका कंपनीत शनिवारी सेशन होतं. सुपरवायझर, स्टोअरवाले, सिक्युरिटीवालेही बसवले होते. गोष्ट निम्म्यावर आली होती. बाळूच्या लाल लेसवर हॉल हसत होता. आणि शेवटच्या ओळीत मला ती मिशी दिसली. पूर्ण पांढरी. खुर्चीच्या टोकावर ताठ बसलेले, हात मांड्यांवर.

मी थांबलो. पाणी प्यायलो. माझ्यापुढे दोन शेवट होते आणि साठ माणसं.

मी माझाच शेवट सांगितला. ‘नहीं साब, मैंने!’ म्हणताना माझा आवाज, देवाशप्पथ, नेहमीपेक्षा जास्त भरून आला. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या ओळीकडे पाहिलं नाही. नंतर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. त्यांची ड्यूटी सुरू झाली असावी.

बाहेर पडताना गेटवर तेच होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग तपासायचा नियम होता. मी गाडीची काच खाली केली आणि बॅग दिली. त्यांनी चेन उघडली, लॅपटॉप पाहिला, चार्जर पाहिला, चेन लावून बॅग परत दिली.

“गोष्ट चांगली सांगितलीत, साहेब,” ते म्हणाले. त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हणण्याची ती पहिली वेळ.

मी बॅग बाजूच्या सीटवर ठेवली.

ते खिडकीपाशी थोडे वाकले. आवाजात टोमणा नव्हता. मी तो आजवर शोधतो आहे, सापडत नाही. एखादी न पाहिलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं, “त्या पोरानं पुढं येऊन सांगितल्यावर मग काय झालं? त्या उस्तादाला ठेवलं का कामावर?”

मागे दोन गाड्या उभ्या होत्या. एकानं हॉर्न दिला.

“ठेवलं,” मी म्हणालो.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि त्यांनी दांडा वर केला.